मारा नदीच्या काठावर हजरत उमर (रजि.) आठवले

सहलीहून परतल्यावर सातवीच्या मुलांनी पहिला प्रश्न विचारला, "सर, सिंह बघितला का?" बघितला. एक नाही, नऊ बघितले. चित्ता बघितला, जिराफ बघितले, चिखलात बसलेले पाणघोडे बघितले. पण घरी आल्यापासून डोळ्यांपुढून हलत नाही तो सिंह नाही. मारा नदीच्या काठावर उभी असलेली गाड्यांची रांग हलत नाही. त्या रांगेत आमचीही गाडी होती. आजचा लेख त्या रांगेबद्दल आहे.

आधी एक खुलासा. शिक्षकाच्या पगारात आफ्रिकेची सफारी होत नाही. आमच्या रायगड-रत्नागिरीकडची अनेक कोकणी मुसलमान घराणी तीन-चार पिढ्यांपूर्वी मोंबासा आणि नैरोबीला गेली. माझा मामेभाऊ त्यांपैकीच एका घरातला. त्याने बोलावले, राहण्या-खाण्याची सोय केली, गाडीही ठरवली. परदेशी पाहुण्याला मासाई माराचे प्रवेशशुल्क जुलै ते डिसेंबर या काळात दिवसाला २०० डॉलर आहे. तो आकडा ऐकून मी नैरोबीतच थांबायला तयार झालो होतो. भाऊ म्हणाला, "भाई, इतक्या लांब आलास आणि नूमबू न बघता गेलास तर मामीला काय सांगणार?" मी त्याचे ऐकले. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता.

नूमबू, खरे तर न्युंबू, हे स्वाहिलीतले विल्डबीस्टचे नाव. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला स्वाहिली ऐकताना मोठी मजा येते. किताबला ते किताबू म्हणतात, खबरला हबारी, वक्तला वकाती, रफीकला रफिकी. सफारी म्हणजे आपला सफरच. अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर ते शब्द किनाऱ्यावर उतरले आणि तिथलेच होऊन गेले. मी शिक्षक आहे हे कळल्यावर आमचा चालक मला 'म्वालिमू' म्हणू लागला. म्वालिमू म्हणजे मुअल्लिम. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हेही शिक्षक होते, आणि सारा देश त्यांना आजही म्वालिमू म्हणूनच ओळखतो. एवढा मान मला माझ्या शाळेतही मिळत नाही!

आता मूळ विषय. टांझानियातले सेरेंगेटी आणि केनियातले मासाई मारा हा मुळात एकच गवताळ प्रदेश. मधली आंतरराष्ट्रीय सीमा माणसांनी आखलेली, ती प्राण्यांना ठाऊक नाही. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटरचे, मारा त्याच्या जवळजवळ एक दशांश. या प्रदेशात सुमारे १२ ते १३ लाख विल्डबीस्ट, २ लाखांच्या आसपास झेब्रे आणि लाखो लहान हरणे वर्षभर पावसाच्या मागे फिरत असतात. जानेवारी ते मार्च ती दक्षिणेकडच्या आखूड गवताच्या मैदानात असतात. ती माती ज्वालामुखीच्या राखेची, क्षारांनी भरलेली. दुभत्या माद्यांना तेच हवे असते. फेब्रुवारीच्या सुमारास दोन-तीन आठवड्यांत लाखो वासरे जन्मतात आणि काही मिनिटांत उभी राहून आईमागे धावू लागतात. पाऊस संपला की कळप पश्चिमेकडून उत्तरेला सरकतात. जुलै ते ऑक्टोबर मारा नदीच्या अलीकडे-पलीकडे करतात, आणि नोव्हेंबरच्या सरींबरोबर परत दक्षिणेला वळतात. या प्रवासाला ना सुरुवात ना शेवट, ते एक वर्तुळ आहे.

उर्दूच्या तासाला 'हिजरत' शिकवताना आणि मराठीच्या तासाला 'स्थलांतर' शिकवताना मी आजवर फक्त माणसांची उदाहरणे देत आलो. सूरह कुरैशमध्ये हिवाळ्या-उन्हाळ्याच्या व्यापारी प्रवासाचा उल्लेख आहे, तो सांगायचो. सूरह अनआममध्ये जमिनीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या जिवांनाही आपल्यासारख्याच 'उम्मत' म्हटले आहे, हे मी कितीदा वाचले असेल. पण त्याचा अर्थ क्षितिजापर्यंत पसरलेली ती काळी रांग पाहिल्यावर पोटात उतरला. पुढे झेब्रे, मागे विल्डबीस्ट, त्यांच्यामागे लहान हरणे. झेब्रा उंच, जाड गवत खातो, विल्डबीस्ट खालचे मऊ, आणि हरिण उरलेले कोवळे कोंब. कोणी कोणाचे ताट ओढत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही नदीवर गेलो. पलीकडे जाण्यासाठी हजारभर तरी विल्डबीस्ट काठावर जमले होते. धुळीने आकाश पिवळे झाले होते. एक जनावर कडेपर्यंत येई, पाण्याकडे बघे आणि मागे वळे. मग दुसरे येई. असे तासभर चालले होते. खाली पाण्यात मगरी होत्या. गाड्या सुरुवातीला लांब उभ्या होत्या, बारा-पंधरा असतील. मग बिनतारी यंत्रावर निरोप गेले आणि दहा मिनिटांत मी बेचाळीस मोजल्या. पहिले जनावर पाण्यात उतरले मात्र, सगळ्या गाड्यांची इंजिने एकदम सुरू झाली. जो तो काठाकडे धावला. टपांतून माणसे बाहेर आली, हातात मोबाईल, कोणी ओरडत होते, कोणी शिट्ट्या वाजवत होते. तीन गाड्या नेमक्या कळपाच्या वाटेवर जाऊन थांबल्या. मागचे प्राणी बिथरले, वळले, आणि जिथे काठ उभा तुटलेला होता तिथून उड्या मारू लागले. एका वासराचा पाय मोडला. ते उठायचे, पडायचे. त्याची आई पलीकडे पोचली होती आणि नदीकडे तोंड करून हंबरत होती.

आता कबुली. त्या गदारोळात मीही आमच्या चालकाला म्हणालो होतो, "जरा पुढे घेता का? इथून नीट दिसत नाही." त्याने गाडी हलवली नाही. म्हणाला, "म्वालिमू, इथून कमी दिसते, पण त्यांना जास्त दिसते." मी गप्प बसलो. उन्हाने तापलेल्या गाडीत मला माझीच लाज वाटली.

नदीत बुडून मरणे हा निसर्गाचाच भाग आहे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. अमेरिकी संशोधकांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मारा नदीत दरवर्षी सरासरी सहा हजारांहून जास्त विल्डबीस्ट बुडतात. त्यांच्या देहांवर मासे, मगरी, गिधाडे जगतात आणि हाडांतला फॉस्फरस वर्षानुवर्षे नदीला मिळत राहतो. अल्लाहच्या व्यवस्थेत मृत्यूही वाया जात नाही. पण त्या वासराचा पाय निसर्गाने मोडला नव्हता. तो आमच्या रांगेने मोडला होता. एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या उभ्या करू नयेत असा मारामध्ये नियम आहे. नदीच्या काठावर तो नियम कोणाला आठवत नव्हता.

परतीच्या वाटेवर, राखीव क्षेत्राच्या फाटकाबाहेर, दहा-बारा वर्षांचा एक मासाई मुलगा लाल शुका पांघरून गाई चारत होता. आत गवत पुरुषभर उंच, बाहेर जमीन खरवडलेली. आमचा चालकही मासाई. मी विचारले, "आत गुरे नेली तर?" तो म्हणाला, "पकडले तर दंड. आत शिरायचे असेल तर कॅमेरा घेऊन यावे लागते, गाय घेऊन नाही." तो हसत बोलला, पण ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. त्याचे नातेवाईक सीमेपलीकडे टांझानियात, लोलिओंडो भागात राहतात.

परत आल्यावर या विषयावर मिळेल ते वाचले. त्यातली एक गोष्ट माझ्यासाठी डोळे उघडणारी ठरली. आपण समजतो की हे स्थलांतर अनादि काळापासून जसेच्या तसे चालू आहे आणि माणूस हा त्यातला एकमेव बिघाड. वस्तुस्थिती निराळी आहे. १८८७ च्या सुमारास युरोपीय सैन्याने आणलेल्या गुरांबरोबर बुळकांडीचा रोग आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरला. तीन-चार वर्षांत तो सेरेंगेटीत पोचला. मासाईंची बहुतेक गुरे मेली, त्यामागून दुष्काळ आणि देवीची साथ आली, माणसे मेली. त्या काळाला मासाई 'एमुताई' म्हणतात, म्हणजे सर्वनाश. हाच रोग विल्डबीस्टलाही होत होता. पुढे सत्तर वर्षे त्यांची संख्या वाढू शकली नाही. १९६० च्या सुमारास ते जेमतेम अडीच लाख होते. मग मासाईंच्या आणि आसपासच्या गुराख्यांच्या गुरांना बुळकांडीची लस टोचली गेली. गुरांतला रोग हटला तसा रानातला रोगही हटला, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस विल्डबीस्ट १३ लाखांवर पोचले. त्यांनी गवत खाऊन कमी केले, त्यामुळे वणवे कमी झाले आणि झाडे पुन्हा वाढली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर समूळ संपलेला तो दुसराच रोग.

याचा अर्थ काय? ज्या दृश्यासाठी आपण २०० डॉलर मोजतो, ते दृश्य गुराख्याची गाय निरोगी झाली म्हणून उभे आहे. गाय आणि विल्डबीस्ट यांचे नशीब एकमेकांत गुंतलेले आहे. आणि आपण मात्र जाहिरातींत जे चित्र पाहतो त्यात माणूस नाही, गाय नाही, जणू हे रान रिकामेच होते.

ते रिकामे नव्हते, रिकामे केले गेले. सेरेंगेटी हे नावच मासाई भाषेतून आले आहे, अंत नसलेले मैदान असा त्याचा अर्थ सांगतात. १९५१ मध्ये ब्रिटिशांच्या काळात राष्ट्रीय उद्यान झाले. १९५९ मध्ये मासाईंना तिथून हलवून शेजारच्या न्गोरोंगोरोत नेले. तिथे माणसे, गुरे आणि वन्यप्राणी एकत्र राहतील असे तेव्हा ठरले होते. त्याच वर्षी जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्रिमेक यांच्या चित्रपटाने सेरेंगेटी जगाच्या घराघरांत पोचवली. प्राण्यांसाठी त्यांनी जे केले ते मोठे आहे, त्यांचा तरुण मुलगा त्याच कामात विमान अपघातात गेला. पण उद्यानात स्थानिक माणसांनीही राहू नये, हे त्यांचे मत होते आणि तेच पुढे जगाचे मत बनले.

आता न्गोरोंगोरोतूनही मासाईंना सुमारे सहाशे किलोमीटर दूर, हांदेनी जिल्ह्यातल्या म्सोमेरा गावी नेले जात आहे. सरकार म्हणते, स्वेच्छेने. तिथले अनेक रहिवासी म्हणतात, शाळा-दवाखान्यांचा निधी आटवला की स्वेच्छा आपोआप तयार होते. जून २०२२ मध्ये लोलिओंडोत १,५०० चौरस किलोमीटर चराऊ जमिनीवर सीमेचे खांब रोवण्यासाठी पोलीस आले. मासाईंनी विरोध केला. गोळ्या झाडल्या गेल्या, बाणही सुटले. एक पोलीस मारला गेला, अनेक मासाई जखमी झाले, शेकडो लोक सीमा ओलांडून केनियात पळाले. ही जमीन संरक्षणासाठी हवी, असे सरकारचे म्हणणे.

आणि इथे मुसलमान म्हणून मला मान खाली घालावी लागते. त्याच लोलिओंडोत १९९२ पासून संयुक्त अरब अमिरातीशी संबंधित एका कंपनीला शिकारीचे हक्क दिलेले आहेत. श्रीमंत पाहुणे तिथे हौसेसाठी शिकार करतात. उपजीविकेसाठी शिकार जायज आहे, पण जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य बनवायला प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. मांजरीला उपाशी बांधून ठेवणाऱ्या बाईची आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाची हदीस आपण मदरशात लहान मुलांना सांगतो. ती शेखसाहेबांनाही कोणी तरी सांगायला हवी. पाश्चात्त्य पर्यटकाला नावे ठेवणे सोपे आहे. आपल्यातल्या श्रीमंतांबद्दल बोलताना मात्र आपली जीभ जड होते.

हे सगळे वाचताना मला आठवत राहिला तो हजरत उमर (रजि.) यांच्या काळातला 'हिमा'. हिमा म्हणजे राखीव कुरण. इस्लामच्या सुरुवातीच्या काळात काही कुरणे सार्वजनिक हितासाठी राखून ठेवली जात. आज पर्यावरणाचे अभ्यासक त्याला संरक्षणाची एक जुनी पद्धत म्हणून गौरवतात, आपणही अभिमानाने सांगतो. पण पुढचा भाग आपण सांगत नाही. हजरत उमर (रजि.) यांनी हिमावर हुनय नावाचा रखवालदार नेमला तेव्हा त्याला काय बजावले, ते सहीह बुखारीत आले आहे. आशय असा : थोडी उंटे, थोड्या मेंढ्या असणाऱ्या गरिबाला आत येऊ दे. अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांना मात्र आत सोडू नकोस. त्यांची जनावरे मेली तरी त्यांच्याकडे बागा आणि शेती आहे, गरिबाची मेली तर तो मुलाबाळांना घेऊन माझ्याच दारात येईल.

ज्यांना रोखले ती नावे पुन्हा वाचा. दोघेही प्रेषितांचे निकटचे सहाबी, दोघेही प्रतिष्ठित, आणि दोघेही श्रीमंत. कुरण राखायचे म्हणजे कोणाला तरी रोखावे लागते, हे उमर (रजि.) यांना मान्य होते. प्रश्न एवढाच, कोणाला? त्यांनी श्रीमंताला रोखले आणि गरिबाला आत घेतले. सेरेंगेटीच्या भोवती आज नेमके उलटे चालले आहे.

यावर दुसरी बाजू आहे, ती टाळून चालणार नाही. न्गोरोंगोरोत १९५९ मध्ये आठ-दहा हजार माणसे होती, आज लाखाच्या घरात आहेत. गुरे वाढली, कुंपणे वाढली. केनियाच्या लोइटा मैदानातून येणारे विल्डबीस्टचे जुने स्थलांतर कुंपणांनी आणि शेतीने जवळजवळ संपवले, आणि ते काही परदेशी पर्यटकांनी केलेले नाही. राखीव क्षेत्रे नसती तर कदाचित आज मारात विल्डबीस्टऐवजी गव्हाचे शेत दिसले असते. हे मला मान्य आहे. पर्यटकांच्या पैशावर वनरक्षकांचे पगार होतात, आमच्या चालकाच्या मुलांची फी भरली जाते, हेही मान्य आहे. म्हणूनच 'सफारी बंद करा' असे मी म्हणत नाही.

पण सहाशे किलोमीटरवर पाठवण्याखेरीज दुसरा मार्गच नाही, हे मान्य नाही. माराच्या शेजारीच मासाई जमीनमालकांनी आपल्या जमिनी एकत्र करून संरक्षित क्षेत्रे उभी केली आहेत. तंबू-हॉटेलवाले त्यांना जमिनीचे भाडे देतात, ठरलेल्या काळात ठरलेल्या जागी गुरेही चरतात, आणि गाड्यांची संख्या मोजून सोडली जाते. त्यांत दोष आहेत. भाड्याचे पैसे सगळ्यांना सारखे मिळत नाहीत, ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांना काहीच मिळत नाही. तरी दिशा बरोबर आहे. तिथे मासाई हा मालक आहे, अडथळा नाही.

आम्हा कोकणातल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन खाली उतरतात. कापलेल्या भाताच्या शेतात मेंढ्या बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी त्यांना धान्य-पैसे देतो, पावसाआधी ते परत घाट चढतात. तेही पावसाच्या मागे फिरणारे वर्तुळच. अलीकडे जिथे तिथे तारेची कुंपणे झाली, फार्महाऊसे झाली, आणि धनगराची वाट अडू लागली. शनिवार-रविवारी येणाऱ्यांना ती मोकळी जमीन 'निसर्ग' वाटते. धनगराला ती वाट असते.

आता पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्या दरवर्षी कितीतरी मराठी माणसांना मारामध्ये नेतात. आपल्यातलीही सुखवस्तू मंडळी उमऱ्यानंतर आता सफारीचे बेत करतात. जरूर जा. अल्लाहची ती कारागिरी पाहण्यासारखीच आहे. पण जाताना काही गोष्टी विचारा. राहण्याची जागा कोणाच्या जमिनीवर आहे, आणि त्याला भाडे मिळते का? वाटाड्या स्थानिक आहे का? नदीवर गाडी लांब उभी करायला तुम्ही तयार आहात का? चालकाला 'पुढे घे' म्हणू नका. तो नाही म्हणाला तर बक्षिसी कापू नका, दुप्पट द्या. आमच्याकडून ते झाले, पण लाज वाटल्यानंतर झाले.

न्येरेरेंनी सप्टेंबर १९६१ मध्ये, स्वातंत्र्याच्या तोंडावर, आरुशा येथे जाहीर केले होते की हे वन्यजीवन आमच्याकडे सोपवलेली जबाबदारी आहे, आणि ते पुढच्या पिढ्यांसाठी राखायचे आहे. त्यालाच आपण अमानत म्हणतो. पण अमानत फक्त प्राण्यांची नसते. फाटकाबाहेर गाई चारणारा तो मुलगाही अमानतच आहे. त्याला बाहेर ठेवून आत वाचवलेले रान आपण किती दिवस वाचवणार?

सातवीच्या मुलांना मी सिंहाचे फोटो दाखवले. मग त्या मुलाचा फोटो दाखवला आणि विचारले, "हा कुठे राहतो, सांगा." एकजण म्हणाला, "सर, जंगलाच्या बाहेर." मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पण सर, जंगल आधी आलं की तो?" उत्तर मी अजून दिलेले नाही. पुढच्या तासाला हुनय रखवालदाराची गोष्ट सांगणार आहे.